बावला खून खटला: हुकूम कोणाचा, हे का ठरले नाही?

खाडीकाठ, देवगड:
पावसाआधी घर शाकारताना माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत १९२५ सालच्या वर्तमानपत्रांची कात्रणे सापडली. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते आणि शिमग्याला येताना जुने अंक बांधून आणत. बहुतेक कात्रणे बावला खटल्याची आहेत. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि सोबतच्या मुमताज बेगमच्या, म्हणजे इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेल्या नर्तकीच्या, चेहऱ्यावर वार झाले. वर्तमानपत्रांनी एवढे रान उठवूनही मूळ सूत्रधार शेवटपर्यंत का ठरला नाही?

जुना वकील, रत्नागिरी:
अडचण कायद्याची होती. न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला चालून तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि कटाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले, परंतु गादीवरच्या संस्थानिकाला ब्रिटिश हद्दीतील कोर्टात आरोपी म्हणून उभे करता येत नसे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यापुढे सरकारने चौकशी आयोग किंवा राजत्याग असे दोनच मार्ग ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली आणि चौकशी झालीच नाही. राजत्याग म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, त्यामुळे महाराजांनीच खून करवला असे छातीठोकपणे लिहिणे मला गैर वाटते.

सुरंगी, मालवण:
वकीलसाहेब, आपले म्हणणे मान्य आहे, पण वर्तमानपत्रांना सगळेच श्रेय मी देणार नाही. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश अधिकारी नेमके त्या वाटेने आले, त्यांनी हल्लेखोरांची जागीच धरपकड केली, म्हणून तपासाला धागा मिळाला. शिवाय लोकांचे कुतूहल मुमताजच्या रूपावर आणि नाचगाण्यावर खिळले. त्याच वर्षी या प्रकरणावर मूकपटसुद्धा निघाला. आपल्या नवजात मुलीला इंदुरात परिचारिकांनी मारले, म्हणून तिथे राहायचे नव्हते, असे तिने कोर्टात सांगितले होते. मारेकऱ्यांमागे कोण होते, एवढेच आजही विचारले जाते. त्या बाळाविषयी कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

खाडीकाठ, देवगड:
सुरंगीताई, तुमचे वाचून मी कात्रणे पुन्हा उलगडली. मुमताजच्या साक्षीच्या कात्रणावर आजोबांनी एकाच ठिकाणी, त्या मुलीच्या उल्लेखाखाली, पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आहे. त्यापुढचा मजकूर कसरीने खाल्ला आहे.