लग्न म्हणजे काय, हे मतपेटीने ठरवावं का?

सांताक्लारावासी

२००८ साली मी कॅलिफोर्नियात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो, म्हणजे कर भरायचा पण मत द्यायचं नाही. त्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ओबामा होते, बुलेट ट्रेन होती (अजून येतेच आहे), अंड्यांच्या कोंबड्यांना पंख पसरण्यापुरती जागा द्यावी का असा एक प्रश्न होता, आणि प्रॉपोझिशन ८ (थोडक्यात प्रॉप ८) नावाचा प्रस्ताव होता. लग्न फक्त पुरुष आणि स्त्रीचंच वैध, एवढं कॅलिफोर्नियाच्या घटनेत घालायचं. मूळ इंग्रजी वाक्य जेमतेम चौदा शब्दांचं.

कोंबड्यांना जागा मिळाली. प्रॉप ८ सुद्धा ५२ टक्क्यांनी पास झालं.

माझ्या टीममधल्या एकीने त्याच जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये आपल्या जोडीदारणीशी लग्न केलं होतं. मी बेसनाचे लाडू घेऊन गेलो होतो. नोव्हेंबरनंतर तिला कळेना की आपलं लग्न झालेलं आहे की नाही. विम्याच्या फॉर्मवर ‘विवाहित’समोर टिक करू का, असं ती हसत विचारायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. मे २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंदी कायम, पण आधी झालेली सुमारे १८,००० लग्नं शाबूत. म्हणजे जूनमध्ये बोहल्यावर चढलात तर नवराबायको, डिसेंबरचा मुहूर्त धरलात तर कोणीच नाही!

माझं मत सरळ आहे. शेजाऱ्याच्या लग्नावर मतदान घेऊच नये. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता

असहमत. मग ठरवायचं कोणी? २००० साली प्रॉप २२ ला ६१ टक्के मतदारांनी हीच व्याख्या मान्य केली होती. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायाधीशांनी ती उडवली. लोक चिडणारच. लग्न ही समाजाची संस्था आहे, तिच्या व्याख्येत समाजाला विचारायचं नाही, हे कुठलं लोकशाहीपण?

आयर्लंड बघा. २२ मे २०१५, समलिंगी विवाहावर सार्वमत, ६२ टक्के होकार, विषय संपला. अमेरिकेत त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहाच्या बाजूने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला आणि आज दहा वर्षांनीही तो उलटेल का अशी धाकधूक आहे. लोकांनी दिलेलं टिकतं.

मालवणी मेवा

आयर्लंड म्हटल्यावर गप्प कसा बसू? लिओ वराडकर म्हणजे आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो झील! म्हणजे मूळ गाव त्याच्या वडिलांचं. आरोग्यमंत्री असताना सार्वमताच्या काही महिने आधी त्याने रेडिओवर सांगितलं की मी गे आहे, आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाला. बाकी चर्चा चालू द्या.

सांताक्लारावासी

@स्पष्टवक्ता, आयर्लंडमध्ये सार्वमत हौसेने घेतलं नव्हतं, तिथे घटना बदलायची तर तोच एक रस्ता. आणि त्याच देशाचं घटस्फोटाचं प्रकरण आठवा. १९८६ मध्ये विचारलं, लोक नाही म्हणाले. १९९५ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा हो. फरक किती, तर सोळा लाखांवर मतांत ९,११४! मधली नऊ वर्षं ज्यांचे संसार केव्हाच मोडले होते ते काय करत होते? वाट बघत होते. इतरांचं मन बदलायची.

स्पष्टवक्ता

पण बदललं ना? अमेरिकेतल्या मेन राज्यातही २००९ मध्ये मतदारांनी समलिंगी विवाहाचा कायदा रद्द केला आणि २०१२ मध्ये त्याच मतदारांनी मान्य केला. तीन वर्षं दारोदार फिरून लोकांना पटवलं गेलं. कोर्टाला हे जमत नाही.

पेठेतली आजी

पटवत बसायला सगळ्यांना वेळ असतो का, हा प्रश्न आहे. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा, एवढंच. त्याआधी बंगालात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्यामुळे जिवानिशी गेली होती. तरी पुण्यात केवढा गदारोळ! तेव्हा सार्वमत घेतलं असतं तर निकाल काय लागला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. (मुलींना तर कोणी विचारलंच नसतं.)

स्पष्टवक्ता

आजी, टिळकांचा मुद्दा हाच होता की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये, सुधारणा समाजातून यावी.

पेठेतली आजी

हो, आणि आगरकरांनी त्यावर काय झोडपलं तेही वाचा. समाजातून येईपर्यंत फुलमणीने काय करायचं होतं?

तटस्थ

सरकारने लग्नातून अंगच काढून घ्यावं. ज्याला ज्याच्याशी करायचं त्याने करावं, नोंदसुद्धा नको. मिटला प्रश्न.

एच-४ ची बायको

तटस्थराव, माझा व्हिसा ‘पत्नी’ या एका शब्दावर उभा आहे. सरकारने अंग काढलं तर मी पुढच्या विमानाने नागपूरला! न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसरला बायकोच्या मृत्यूनंतर ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला, कारण केंद्र सरकारच्या लेखी ती बायको नव्हतीच. २०१३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात जिंकली आणि त्यानंतरच समलिंगी जोडप्यांना जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येऊ लागला. हे मतदानाने व्हायचं म्हटलं असतं तर कधी झालं असतं?

स्पष्टवक्ता

सगळे माझ्यावर तुटून पडलात. असो. धागाकर्त्यांना एकच प्रश्न. २०२४ मध्ये तुमच्याच राज्यात प्रॉप ३ आलं, ते जुने चौदा शब्द पुसायला. तेव्हा नागरिक झाला होतात ना? मत दिलंत की नाही?

सांताक्लारावासी

पकडलंत! दिलं. कोर्टाने २०१० मध्येच प्रॉप ८ घटनाबाह्य ठरवलं होतं, २०१३ पासून लग्नंही लागत होती, पण शब्द घटनेत तसेच पडून होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा आपलाच जुना निकाल फिरवला तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला, उद्या हेही फिरलं तर? म्हणून ते पुसायला हवे होते, आणि मतदानाने आत गेलेलं काढायला मतदानच लागतं. टपालाने आलेली मतपत्रिका दोन दिवस डायनिंग टेबलावर पडून होती, हात धजेना. शेवटी त्या मैत्रिणीलाच फोन केला. म्हटलं, तुझ्या लग्नाला मत देतोय, विचित्र वाटतंय. ती म्हणाली, “तुला विचित्र वाटतंय? मी आत्ताच माझ्या स्वतःच्या लग्नाला मत देऊन आले.”