सिनेगॉगमधली गुलाममुक्तीची संध्याकाळ: राफॉलचं प्रवचन वाचायला हवं होतं का?

टेक्ससवासी: आमच्या भागातल्या एका सिनेगॉगने (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाने) जूनटीन्थनिमित्त, म्हणजे अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या दिवसानिमित्त, सर्वधर्मीय संध्याकाळ ठेवली होती. शेजारच्या काळ्या चर्चची मंडळी, मशिदीतले काही जण आणि आम्ही चार देशी. बायबलातला, ज्यूंच्या इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा उतारा झाला, मग उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरचा 19 जून 1865चा, टेक्ससातल्या गॅल्व्हस्टनचा गुलाममुक्तीचा हुकूम. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863चा, टेक्ससात अंमल व्हायला अडीच वर्षं! सेडरला, म्हणजे त्या सुटकेच्या आठवणीतल्या ज्यू जेवणाला, करतात तशी मिठाच्या पाण्यात बुडवलेली पार्सली सगळ्यांनी खाल्ली. छानच झालं. पण 4 जानेवारी 1861ला न्यूयॉर्कचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉरिस राफॉल यांनी बायबलच्या आधाराने गुलामी पाप नाही असं प्रवचन दिलं होतं, त्याचा चकार शब्द नाही. हे मला खटकलं.

मिरचीभजी: पाहुणे बोलावून घरची धुणी धुवायची का? आणि राफॉल हेही म्हणाले होते की बायबलातला गुलाम माणूस असतो, अमेरिकेच्या दक्षिणेत त्याची वस्तू केलीय. पाच मिनिटांत हे कोण उलगडणार? त्यांना सडेतोड उत्तर देणारे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न होते, त्यापायी 1861च्या एप्रिलमध्ये त्यांना बाल्टिमोर सोडून पळावं लागलं. सांगायचंच तर त्यांचं सांगा.

शिळोप्याची ओटी: म्हणजे आपला तो बाब्या! आइनहॉर्न चालतात, राफॉल नकोत. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्ती करणाऱ्यांना अर्पण केलं, पण आत घरच्या भटशाहीचे वाभाडेच काढलेत की.

मिरचीभजी: @ओटी, जोतीराव फिर्यादी होते हो. इथे यजमानांनी स्वतःवरच फिर्याद करायची म्हणताय. त्यात चर्चवाल्यांचा वेळ जायचा आणि शेवटी त्यांनीच "असू द्या" म्हणत यजमानांची समजूत काढायची. 4 एप्रिल 1969ला, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येला वर्ष झालं तेव्हा, वॉशिंग्टनमध्ये फ्रीडम सेडर झाला तो काळ्यांच्या चर्चच्या तळघरात. ज्यू तिथे गेले. मला तरी ती रीत जास्त बरी वाटते.

उंटावरचा शहाणा: दोघेही रब्बींचं काय घेऊन बसलात? ग्रेंजरचा हुकूम पूर्ण वाचला का? आधी समान हक्क, आणि पुढे लगेच: आहात तिथेच गुमान राहा, मजुरीवर काम करा, आळस खपवून घेणार नाही.

टेक्ससवासी: नाही. समान हक्कांपाशीच थांबले. टाळ्याही तिथेच पडल्या.

मिरचीभजी: हे मात्र चुकलं. राफॉल राहू द्या, पण हुकूम अर्धा वाचून कसं चालेल?

शिळोप्याची ओटी: घ्या! सैन्याचा हुकूम अख्खा हवा आणि रब्बीचं प्रवचन गुंडाळायचं. का बरं?

मिरचीभजी: कारण पाहुण्यांच्या पणजोबांना त्या हुकुमाखाली राबावं लागलं, राफॉलच्या प्रवचनाखाली नाही.

शिळोप्याची ओटी: मालकांना असली प्रवचनंच तर हवी होती!