शब्दचर्चा : ताऱ्यांची ‘लोकसंख्या’, ‘पिढी’ की ‘समष्टी’?

राजारामपुरी : नववीच्या मुलांसाठी आकाशगंगेवर भित्तिपत्रक करतोय. ‘स्टेलर पॉप्युलेशन’ला मराठीत काय लिहावं? ‘ताऱ्यांची लोकसंख्या’ म्हटलं तर पोरं लगेच विचारणार, किती आहेत?

शाहूपुरी : ‘लोकसंख्या’ नकोच. इथं मोजदाद करायची नाही. वय, घडण आणि आकाशगंगेतली चाल ज्यांची मिळतीजुळती, असे तारे एकत्र धरायचे आहेत. मी ‘समष्टी’ सुचवेन. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत तो रुळलेला आहे.

ताऱ्यांची अशी दोन समष्ट्यांत विभागणी खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी १९४४ साली मांडली. युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले होते. त्या अंधारात माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तांबडे तारे सुटे करून टिपले. आपल्या आकाशगंगेतल्या बंदिस्त तारकागुच्छांतले (गोळ्यासारख्या दाट गुच्छांतले) तारेही त्याच जातकुळीचे. ती दुसरी समष्टी. आकाशगंगेच्या चकतीतले निळे, तरुण तारे पहिली.

मंगळवार पेठ : मग सरळ ‘पिढी’ म्हणा की! पोरांना पटकन कळेल.

शाहूपुरी : कळेल, पण उलटं कळेल. पहिली समष्टी वयानं लहान आहे आणि दुसरी म्हातारी. पहिलीतल्या कृत्तिका साधारण १० कोटी वर्षांच्या, दुसरीतले बंदिस्त गुच्छ हजार कोटींच्या पुढचे. ‘पहिली पिढी’ वाचून कुणीही कृत्तिकांना आजी ठरवेल.

पन्हाळा : आणि ‘गुच्छ’ हा शब्दही ‘समष्टी’ला पर्याय नाही बरं का. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास इथून दक्षिणेला बघा. क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त गुच्छ असतो. हवा स्वच्छ असली तर नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपका, द्विनेत्रीतून कापसाचा गोळा. गुच्छ एकच, पण त्यातल्या ताऱ्यांचे वर्णपट तपासले की एकाहून जास्त समष्ट्या निघतात. आकाशगंगेनं गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणून दोन्ही शब्द वेगवेगळे ठेवाच.

राजारामपुरी : ‘समष्टी’ पक्की. पण ‘दुसऱ्या समष्टीत धातू कमी’ असं एके ठिकाणी वाचलं. म्हणजे लोखंड कमी, एवढंच ना?

शाहूपुरी : लोखंड तर कमी असतंच, पण खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्यालाच धातू म्हणतात, कार्बन, ऑक्सिजनसुद्धा! रसायनशास्त्राच्या तासाला ऑक्सिजन अधातू शिकलेली मुलं इथं अडखळणारच. त्यामुळे भित्तिपत्रकावर ‘जड मूलद्रव्ये’ लिहा. ती आधीच्या ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत तयार झाली, वायूत मिसळली, मग त्या वायूतून नवे तारे झाले. म्हणून नव्यांत ती जास्त. सूर्यातही वस्तुमानाच्या दीडेक टक्काच आहेत.

तिसऱ्या समष्टीचा उल्लेख करणार असाल तर क्रियापद सांभाळा. ते जड मूलद्रव्यांविना जन्मलेले अगदी आरंभीचे तारे. त्यांतला एकही अजून निर्विवादपणे सापडलेला नाही, तेव्हा ‘होते’ऐवजी ‘असावेत’ लिहा.