'अतिउच्च दाब' : नुसता जोर, की संज्ञा?

विचारणा : भूशास्त्रावरच्या लेखात 'अतिउच्च दाब रूपांतरण' असं वाचलं. 'उच्च'ला 'अति' लावून जोर दिलाय, की वेगळी संज्ञा आहे? पुढे 'आंशिक वितळण'ही आलंय. वितळलेल्या खडकाला रूपांतरित कसं म्हणायचं?

प्रतिसाद : संज्ञाच. रूपांतरण म्हणजे उष्णता आणि दाबाने खडक घन असतानाच बदलणं; त्यातल्या 'अतिउच्च दाबा'ची सीमा एका खनिजाने ठरते. दाब साधारण २.७ गिगापास्कलच्या (गिगापास्कल हे दाबाचं एकक) वर गेला की क्वार्ट्‌झचं कोएसाइट, म्हणजे त्याचंच जास्त घट्ट रूप, होतं. इतका दाब मिळायला जवळपास ९० ते १०० किमी खाली जावं लागतं. १९८४ मध्ये भूशास्त्रज्ञ शोपॅं यांना आल्प्समधल्या डोरा माइरात आणि स्मिथ यांना नॉर्वेत रूपांतरित खडकांमध्ये कोएसाइट सापडलं. खंडाचं कवच हलकं, ते एवढं खाली बुडणार नाही, हा समज तिथे मोडला. आपल्याकडे लडाखच्या त्सो मोरारीतही ते मिळालंय.

प्रतिसाद : पण वर येताना कोएसाइट टिकतं कुठे?

प्रतिसाद : बहुतेक टिकत नाही. गार्नेटसारख्या टणक खनिजाच्या आत अडकलेलंच वाचतं, तेही अर्धवट. त्याचं पुन्हा क्वार्ट्‌झ होताना आकारमान सुमारे दहा टक्के वाढतं आणि भोवतालच्या गार्नेटला चहूकडे भेगा पडतात. नुसत्या भेगांवरून मात्र निकाल देऊ नये. कझाकस्तानातल्या कोकचेतावमध्ये तर गार्नेट आणि झिर्कॉन या खनिजांच्या आत सूक्ष्म हिरे आहेत; हिऱ्याला कोएसाइटहून जास्त दाब लागतो, म्हणजे खोली याहूनही जास्त.

विचारणा : आणि वितळण?

प्रतिसाद : 'आंशिक' हा शब्द इथे कामाचा आहे. फेंगाइट नावाच्या अभ्रकाच्या रचनेत पाणी बांधलेलं असतं. खडक वर येताना दाब झपाट्याने उतरतो, तापमान तेवढं उतरत नाही. मग फेंगाइट मोडतं आणि खडकाचा काही भाग वितळतो. बाकीचा घनच राहतो, म्हणून तो रूपांतरितच. वितळलेल्याचे थेंब गार्नेटमध्ये अडकून थिजले, तर सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, अभ्रक अशी इवलीशी ग्रॅनाइटी वस्ती दिसते. माझ्या मते खरा पुरावा हाच; त्यातून मूळ द्रवाचं रासायनिक घटकमानही काढता येतं.

प्रतिसाद : त्या अडकलेल्या द्रवाला सरसकट 'शिलारस' म्हणू नका. फार मोठ्या दाबाखाली पाणी आणि शिलारस एकमेकांत पूर्ण मिसळतात, दोघांमधली सीमाच उरत नाही. तिथे 'द्रायू' (वाहू शकणारा पदार्थ, इंग्रजीत fluid) लिहिलेलं बरं.