खेचरवाल्याचं नाव शिपायांच्याच ओळीत कोरावं का?

शिलालेख
पहिल्या महायुद्धाच्या आपल्याकडच्या जुन्या फलकांवर नावं नसतात, आकडा असतो. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढंच. नावं शोधून नवा फलक करायचा झाला, तर द्राबी (खेचरगाडी हाकणारे), पखालजी (पाणी वाहणारे), डोलीवाले, स्वयंपाकी हे सगळे शिपायांच्याच ओळीत, आडनावांच्या क्रमाने यायला हवेत. १९२९ साली उभारलेल्या, इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. तेच आपण आपल्याच माणसांशी करायचं?

पलटणकर
असहमत. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. खंदकात गोळी लागून पडलेला आणि तळावर पटकीने (कॉलऱ्याने) गेलेला, दोघांनाही नमस्कार. पण एकाच मथळ्याखाली 'वीरगती' लिहिलंत तर ती खोटी नोंद होईल. सेवकांसाठी वेगळा रकाना हवा.

तिग्रिसकाठ
मग जनरल मॉड यांना कुठल्या रकान्यात बसवाल? मेसोपोटेमियातले सरसेनापती १८ नोव्हेंबर १९१७ रोजी बगदादमध्ये पटकीनेच गेले. त्यांच्या थडग्याला कुणी दुय्यम मानत नाही. आणि कूतमध्ये सुरक्षित तळ होता कुठे? पाणी नदीवरूनच आणावं लागे आणि समोरच्या काठावरचे तुर्की नेमबाज पाणी भरणाऱ्यांवर नेम धरून बसलेले असत. पखाल वाहणाऱ्याच्या हातात उलट गोळी झाडायला बंदूकही नव्हती.

दप्तरी
ओळीचं नंतर ठरवा, आधी पुरावा पाहा. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची (CWGC) युद्धमृतांची यादी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढ्या काळातली आहे. सेवेत असताना मृत्यू आला असेल तर कारण काहीही असो, माणूस पात्र ठरतो. नोकरी सुटल्यावर गेला असेल, तर मात्र ते दुखणं सेवेमुळे जडलं होतं हे दाखवावं लागतं.

शोध गावाच्या नावाने सुरू करू नका, स्पेलिंगं फार वाकडी आहेत. आधी तुकडी, मग जिल्हा, मग वडिलांचं नाव. मालवणचा माणूस रत्नागिरीत सापडेल, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. रायगडचा असेल तर कुलाबा जिल्ह्यात बघा, रायगडचं जुनं नाव तेच.

घरात पदक असेल तर त्याची कड वाचा: नंबर, हुद्दा, नाव, तुकडी. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं. लढवय्यांना ते चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांना आणि अशा सेवकांना ब्राँझचं. ब्राँझचं म्हणून नकली समजून मोडीत घालू नका, आणि चिंच लावून घासू तर मुळीच नका, कडेवरची अक्षरं जातात. मात्र पदकाने सेवा सिद्ध होते, मृत्यू नाही.

पलटणकर
म्हणजे आयोगाच्या यादीत नसलेल्याचं नाव कोरायचं नाही, हे तरी मान्य करा.

तिग्रिसकाठ
नाही. आयोगाच्याच समितीने २०२१ साली कबूल केलं की किमान १,१६,००० जणांची नावाने नोंद झालेली नाही किंवा मुळीच झालेली नाही. त्यात पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसं मुख्यतः, पण तेवढीच नव्हेत. ज्या दप्तराने खेचरवाल्याला गाळलं, त्याच दप्तराचा दाखला त्याच्याकडून कसा मागता?

दप्तरी
दाखला त्याच दप्तराचा नको, पण दोन स्वतंत्र पुरावे हवेत. पदकाची कड आणि निवृत्तिवेतनाचा कागद, असे. नुसत्या ऐकीव आठवणीवर दगडात कोरू नये, कोरलेलं खोडता येत नाही.

शिलालेख
दोन पुराव्यांची अट मान्य. 'वीरगती' हा मथळाही काढतो, 'सेवेत मृत्यू' लिहू. प्रत्येक नावापुढे काम, तुकडी, ठिकाण, तारीख. 'द्राबी, पटकी, अमारा' असं असेल तर तसंच. वेगळा रकाना मात्र नाही.

पलटणकर
मथळा बदललात, तर माझा निम्मा आक्षेप गेला. आडनावांच्या क्रमाला अजूनही विरोध आहे. पलटणीनुसार लावा, द्राबी आपल्या वाहतूक तुकडीखाली येईल, तो मान त्याचाच. आणि खाली पाच-सहा ओळी कोऱ्या सोडा, नावं उशिरा सापडतात.