घरात दुखवट्याचं वर्ष चालू असताना बसनं भटकणं चुकीचं आहे काय?

वडगावची सून

नमस्कार. बेळगावात वडगावला राहते. आमचं यंदाचं काही विचारू नका. आषाढात मामंजी गेले, श्रावण सरतोय तोवर माझा पाठचा भाऊ, आणि घटस्थापनेच्या तोंडावर थोरल्या नणंदबाई. एका पावसाळ्यात तीन रक्षाविसर्जनं. गणपतीला आरास नाही, दिवाळीला आकाशकंदील नाही, फराळ शेजारणींनी आणून दिला. त्याची तक्रार नाही, रीतच आहे ती.

विचारायचं आहे ते वेगळंच. बुधवारी दुपारी सासूबाई लवंडल्या की मी बँकेचं काम सांगून बाहेर पडते, स्टँडवर जाते आणि खानापूरच्या लाल बसमध्ये बसते. २०२३ च्या जूनपासून आम्हा बायकांना कर्नाटकात साध्या बसचं तिकीट नाही, त्यामुळे पैशाचा हिशोब कुणाला द्यावा लागत नाही. कंडक्टर कानडीत "आधार तोरिसी", म्हणजे दाखवा, म्हणतो, शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, आणि तिथून पुढं कुणी मला काही विचारत नाही. घरात दिवसभर माणसं. प्रत्येकाला तेच पहिल्यापासून सांगायचं, कसं झालं, शेवटी पाणी मागितलं काय. बसमध्ये मी कुणाची कोण नसते.

उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे मागं पडलं की वारा लागतो. भातं निघालीत, गवताच्या गंज्या रचल्यात, मोकळ्या वाफ्यात मसूर उगवलीय. राजहंसगड दिसतो. परवा पुढच्या सीटवरच्या आजीच्या पिशवीतून कोंबडीनं मान बाहेर काढली आणि वळण आलं की ती मान बसच्या उलट्या बाजूला झुकवायची, अगदी ठरवून. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. मग एकदम भावाची आठवण आली आणि पोटात कालवलं. फार दिवस झाले नाहीत अजून, आणि मी कोंबडीला हसते! खानापूर स्टँडवर चहा घेऊन परतीची बस धरते, एवढंच. हे बरं नव्हे असं वाटतं आणि बुधवारची वाटही बघते. तुमच्यापैकी कुणी अशातून गेलंय काय?

खानापूरची आज्जी

बाई, सुतक दहा दिवसांचं. तेराव्याला गोड करून माणसं आपापल्या वाटेला लागतात. पुढं वर्षभर पाळायचं ते लग्नकार्य, सणाची धामधूम. लाल बसमध्ये बसू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय गं? आमचे मालक गेले त्या वर्षी मी दुपारची कुंभाराकडं जाऊन बसायची. आमच्या खानापूरची माती भांड्यांना चांगली. गोळा चाकावर ठेवला की अंगठ्याखाली त्याचं पोट पडतं, मग काठ वर येतो, आणि शेवटी दोऱ्यानं बुडाशी कापून उचलतात. ते कापणं बघायला मी थांबायची. लोक बोलले की! बोलून दमले. पुढच्या खेपेला स्टँडवर चहा पिऊ नकोस, घरी ये.

निपाणीकर

फिरा खुशाल, पण ते बँकेचं तेवढं बंद करा. आपली गल्ली तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी स्टँडवर बघणार आणि त्याचं भलतंच काही करणार. सासूबाईंचाही नवरा आणि लेक गेलीय, ती बाई दुपारी खरंच झोपते काय?

चंदगडवाला

विषय गंभीर आहे, तरी सांगतो. आमच्या महाराष्ट्राच्या बाजूला एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं. दुःख हलकं करायला सीमेपलीकडं जास्त सोय दिसते!

धारवाडहून

मी समुपदेशनाचं काम करते. नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलंय की दुःखातला माणूस एकसारखा दुःखात नसतो. गेलेल्या माणसाकडं आणि चालत्या संसाराकडं, असा तो हेलकावे खात राहतो, आणि दुःखापासून घेतलेली सुट्टी ही सावरण्याचाच भाग असते. तुमचं हसू आणि पाठोपाठ आलेलं कालवणं, दोन्ही त्यातलंच. मात्र झोप, जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं, बसमध्येही काही वाटेनासं झालं, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. निपाणीकर, तुमचं लागलं, पण काल रात्री भाकऱ्या थापताना सांगून टाकलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खिडकी मिळते काय?" त्यांचं माहेर जांबोटीकडचं, मामंजींच्या आजारपणापासून जाणं नाही. आता अडचण अशी की मोठ्या दिरांकडं राहायला होत्या तेव्हा आधारवर कोल्हापूरचा पत्ता घातलाय, कर्नाटकातला नव्हे, म्हणजे त्यांना पूर्ण तिकीट. त्यावर म्हणतात, "माझं मी काढते, तू फुकट बस." दुपारी जांबोटीला जाणारी आणि दिवेलागणीच्या आत परत आणणारी बस कुठली, कुणाला ठाऊक असेल तर बुधवारच्या आत सांगा.