शब्दचर्चा : मळी, कीट, मंडूर, आणि ‘लोखंड वितळवले’ म्हणावे का?

प्रश्न :
उत्खननाच्या अहवालाचे मराठीकरण चालू आहे. विषय प्राचीन धातुकाम. तीन ठिकाणी शब्द अडतात. ‘स्लॅग’ला, म्हणजे भट्टीत धातूपासून वेगळ्या होऊन थिजलेल्या गाळाला, मळी म्हणावे का? ‘स्मेल्टिंग’ (दगडातून धातू काढणे) आणि ‘मेल्टिंग’ (धातू पातळ करणे) या दोहोंसाठी वितळवणे चालेल का? ‘ओअर’साठी, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या दगडासाठी, खनिज बरे की धातुक?

प्रतिसाद १ :
नुसते ‘मळी’ नको. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळी म्हटले की साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा पाकच डोळ्यांसमोर येतो. ‘धातुमळी’ लिहा, शब्द रुळलेला आहे आणि अर्थही नेमका सांगतो. धातुकातली वाळू-माती, भट्टीच्या भिंतीचा गिलावा, कोळशाची राख आणि धातूचा वाया गेलेला अंश हे सगळे एकत्र वितळून थिजले की धातुमळी होते. लोखंडाच्या जुन्या भट्टीत ती मुख्यतः लोह आणि सिलिका यांचे संयुग असते आणि साधारण १२०० अंश सेल्सियसला वाहू लागते.

‘कीट’ हा शब्द सुंदर आहे, पण आज त्याचा अर्थ तव्यावर किंवा समईवर चढलेला काळा चिकट थर असा उरला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘किट्ट’. वैद्यकातले लोहकिट्ट, म्हणजेच मंडूर, ही मात्र खरोखर लोखंडाची धातुमळी. धातूंच्या औषधांवरच्या जुन्या आयुर्वेदीय रसग्रंथांत १०० वर्षे जुना मंडूर उत्तम, ८० वर्षांचा मध्यम आणि ६० वर्षांचा कनिष्ठ मानला आहे. जुन्या भट्ट्यांचे ढीग लोकांना ठाऊक होते आणि तिथून मळी उचलली जात होती, हे यावरून कळते. तरी अहवालात मंडूर लिहू नये, वाचक औषधाकडे वळतो.

प्रतिसाद २ :
दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. ‘लोखंड वितळवत असत’ हे वाक्य वर्तमानपत्रांत सर्रास दिसते आणि भारतातल्या प्राचीन भट्टीबद्दल ते चूक ठरते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते. कोळसा आणि हाताच्या भात्यावर चालणारी लहान भट्टी तिथपर्यंत जात नाही. तिथे घडते ते असे. लोखंडाचा दगड फोडून सुपारीएवढे तुकडे करतात आणि उघड्या जाळावर भाजतात. त्याने आतले पाणी निघून जाते आणि दगडाला भेगा पडतात. मग भट्टीत कोळसा आणि भाजलेला दगड यांचे थर आलटून पालटून, साधारण वजनाला वजन, घालत राहतात. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड घनरूपातच सुटे होते. वितळते ती मळी. खाली राहतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो लाल असतानाच घणाने ठोकून आत अडकलेली मळी पिळून काढावी लागते.

बिघडते कुठे, तेही शब्द निवडताना उपयोगी पडेल. वारा जास्त झाला तर सुटे झालेले लोखंड पुन्हा जळून मळीत जाते. उष्णता कमी पडली तर मळी वाहत नाही आणि भात्याच्या नळीचे तोंड बुजते. कोळसा आणि उष्णता दोन्ही जास्त झाली तर लोखंड कार्बन पिते, ११५० अंशांच्या पुढे खरोखर वितळते आणि त्याचे बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, होते. बीड घणाखाली फुटते, त्या लोहाराच्या दृष्टीने तो माल वाया गेला.

म्हणून ‘मेल्टिंग’ला वितळवणे आणि ‘स्मेल्टिंग’ला गाळणे. पारिभाषिक ‘प्रगलन’ कंसात एकदा द्या, पुढे ‘गाळणे’च वापरा. दगडातून धातू वेगळा काढण्याचा अर्थ त्यात आहे. महाबळेश्वरच्या बाजूचे धावड, म्हणजे लोखंड काढणारे कारागीर, जांभ्याच्या पट्ट्यातली धाऊ गाळत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे : लोखंडाचा दगड म्हणजे धाऊ. इतर धातूंसाठी धातुक. खनिज हा शब्द फार मोठा आहे. गारगोटीही खनिजच, पण तिच्यातून कोणी धातू काढत नाही.

प्रतिसाद ३ :
‘धातुमळी’ला माझी हरकत नाही. पण मूळ अहवालात ‘स्लॅग’ दिसले की डोळे झाकून तोच शब्द घालू नका. काचेसारखा प्रत्येक काळा गोळा धातुमळी नसतो. चुलीची, कुंभाराच्या आव्याची किंवा पेटलेल्या घराची मातीही राखेशी मिळून काचाळते. तशी काच हलकी आणि फेसाळ असते, बरेचदा फिकट हिरवट किंवा राखी. लोखंडाची मळी हातात जड लागते, भट्टीबाहेर वाहिलेली असेल तर तिच्यावर पाकासारख्या वळ्या दिसतात. तांब्याच्या मळीचा तुकडा फोडला तर आत तांब्याचे बारीक मणी सापडू शकतात. हे मणी काढण्यासाठी मळी जुन्या काळीच कुटली जाई, त्यामुळे पुष्कळदा ढिगाऐवजी नुसता भुगा हाती येतो.

तुर्कस्तानातल्या चातालह्योयूकचे उदाहरण लक्षात ठेवावे. तिथल्या सुमारे इ.स.पू. ६५०० च्या थरातले तुकडे अनेक दशके तांबे गाळल्याचा पुरावा म्हणून सांगितले जात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते तांब्याचे हिरवे खनिज आगीत योगायोगाने भाजून झालेले निघाले. उलट सर्बियातल्या बेलोवोडे इथली सुमारे इ.स.पू. ५००० ची मळी जेमतेम काही ग्रॅम आहे, तरी ती पक्की. तेव्हा मूळ लेखकाने तपासणी दिली नसेल तर ‘काचाळ गोळा’ एवढेच लिहा आणि धातुमळीचा निर्णय प्रयोगशाळेवर सोडा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे, ‘गाळणे’ने मोठी अडचण सुटली. आणखी तीन शब्द आहेत : भात्याला जोडलेली मातीची नळी, धातू वितळवायचे भांडे, आणि घण मारताना उडणारे पापुद्रे.

प्रतिसाद २ :
पहिल्याला ‘भात्याची नळी’ पुरे, नवा शब्द घडवू नका. तिचे भट्टीतले टोक काचाळलेले असते आणि बाहेरचे कच्च्या भाजणीचे, हे वर्णनात जरूर येऊ द्या. भांडे म्हणजे मूस, सोनाराकडचीच. मुशीबद्दल एक खूण : अगदी जुन्या मुशींत जाळ वरून दिला जाई, म्हणून काच काठावर आणि आतल्या बाजूला दिसते, पुढच्या काळातल्या मुशी बाहेरून जळलेल्या असतात.

प्रतिसाद ३ :
पापुद्र्यांना ‘घडाईची खपली’ म्हणा. कीस नको, कीस कानशीने पडतो. खपली एक-दोन मिलिमीटरची, सपाट, निळसर काळी असते. लोहारकामाच्या जागेची माती चौकटी पाडून उचलतात आणि तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले लोहचुंबक फिरवतात. जिथे खपली सर्वांत दाट, तिथे ऐरण होती असे मानायला जागा राहते. दख्खनच्या मातीत एक फसगत ठरलेली : काळ्या दगडाची झीज होऊन सुटलेले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण चुंबकाला तसेच चिकटतात. म्हणून नुसते वजन करून भागत नाही, भिंगाखाली सपाट कडा बघावी लागते. अनुवादात ‘चुंबकीय कण’ आणि ‘खपली’ यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

प्रतिसाद १ :
जाता जाता ‘कांस्य’बद्दल. महाराष्ट्रातल्या दायमाबाद या प्राचीन वसाहतीत १९७४ मध्ये मिळालेल्या रथ, हत्ती, गेंडा, रेडा या मूर्तींना सगळीकडे कांस्यमूर्ती म्हणतात. कासे म्हणजे तांबे आणि कथील. या मूर्तींच्या विश्लेषणात मात्र आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त निघाले. अहवालात असा धातू आला तर ‘आर्सेनिकयुक्त तांबे’ लिहावे, लांब झाले तरी.

प्रश्नकर्ता :
विदर्भातल्या नायकुंडच्या भट्टीवरचे वाक्य आता असे केले आहे : ‘१९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी, भात्याच्या नळीचे अवशेष आणि सुमारे ४० किलो धातुमळी मिळाली, इथे इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमारास लोहखनिज वितळवून लोखंड काढत.’

प्रतिसाद २ :
पूर्वार्ध उत्तम. शेवटी फक्त ‘धाऊ गाळून लोखंड काढत’ करा.